चटकचांदणीची वैरीण

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी माझं नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारलं नाही. फाटकातच थांबवून म्हणाल्या, "चपला काढ आणि उलट्या कर."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. पण बाई गंभीर होत्या. साठीच्या आतबाहेरचं वय, काटक अंग, नऊवारी नाही की ड्रेस नाही, साधी सुती पाचवारी आणि खाली कॅनव्हासचे बूट. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोरीत एक शिट्टी. मी चपला उलट्या करून धरल्या. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, तळाच्या खाचांतला चिखल काडीने कोरून कागदावर घेतला आणि बोटाने पसरून बघितला.

"मधल्या मोकळ्या प्लॉटातनं आलीस ना?"

"हो. जवळ पडतं म्हणून."

"यापुढं डांबरी रस्त्यानं यायचं. लांब पडलं तरी चालेल."

त्यानंतर त्यांनी नोकरीचं विचारलं. मी साताऱ्याची, सांगलीत विश्रामबागेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नुकतीच लागले होते. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा एकदम बदलला. "म्हणजे रक्त काढता येतं? एका टोचण्यात? शीर सापडत नसली तरी?" मी म्हटलं, येतं. "मग खोली तुझी," त्या म्हणाल्या आणि फाटक उघडलं.

बाई शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण घर अजून शाळेच्या मैदानासारखंच चाले. वरच्या मजल्यावर मी आणि नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली. आम्हाला तोंडी बजावून ठेवलं होतं की, शेवंतीचा गजरा माळून घरात यायचं नाही. दसऱ्याला झेंडूचं तोरण लावायचं नाही, आंब्याची पानं लावा. कपडे गच्चीवर वाळत घालायचे नाहीत. आणि रविवारी सकाळी शिट्टी वाजली की अंगभर कपडे, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून खाली यायचं आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटातलं गाजर गवत मुळासकट उपटायचं.

गाजर गवत सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. गाजरासारखी कातरलेली पानं, वर पांढऱ्या फुलांची बारीक नक्षी. बाईंच्या सासरी त्याला चटकचांदणी म्हणत. नाव इतकं गोड की लग्नात मुलीला ठेवावं. हे मूळचं आपल्याकडचं नव्हे. सातासमुद्रापलीकडून धान्याच्या पोत्यांबरोबर आलं म्हणतात, आणि पाहुणा म्हणून आलेलं हे गवत घरमालक होऊन बसलं. वर्षभरात मरतं, पण मरायच्या आधी एकेक रोप हजारो बिया टाकून जातं. "गवत गवत म्हणून हसू नका," बाई म्हणायच्या. "हे गवत पण नाही. गवत गाय तरी खाते."

त्यांचा एक मंत्र होता: फूल यायच्या आत. फूल आलं की बी आलं, बी आलं की पुढच्या सालाची बेगमी झाली. म्हणून जे उपटायचं ते फूल यायच्या आत. हा मंत्र त्या कशालाही लावत. मला खोकला झाला की "काढा घे, फूल यायच्या आत." आम्हा मुलींचं न्हाणीघरावरून वाजलं आणि बोलणं बंद झालं, तेव्हा बाई जिना चढून वर आल्या, आम्हाला समोरासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "काय असेल ते आत्ता बोला. महिनाभर ठेवलंत तर फूल येईल त्याला." आम्ही बोललो, रडलो आणि खाली जाऊन त्यांच्याच हातचे पोहे खाल्ले.

त्यांचे प्रयोग काही वेळा अंगाशीही येत. कुणीतरी सांगितलं, मिठाच्या पाण्याने हे रोप जळतं. बाईंनी भिंतीकडेने असं काही मीठपाणी फवारलं की गवत जळलंच, शिवाय पलीकडच्या घरची तुळसही गेली. बाईंनी स्वतः नवी तुळस आणली, माफी मागितली आणि त्यांच्याच अंगणात उभं राहून त्यांनाही मंत्र देऊन आल्या.

पहिल्या आठवड्यातच मला खालच्या मागच्या खोलीत बोलावणं आलं. खिडक्यांना बारीक जाळी, तीवर ओला पडदा. आत खाटेवर आप्पा बसले होते, बाईंचे यजमान. उंचापुरा माणूस. पण चेहऱ्याची, मानेची कातडी जाड होऊन काळवंडलेली, घडीघडीला चिरलेली. पापण्या सुजलेल्या. कोपराच्या खळगीत तर पाण्याविना भेगाळलेलं रान असावं तशी कातडी. त्यांना जे औषध चालू होतं ते जरा कडक होतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासावं लागे, आणि खळगीतली शीर कुणाला सापडत नसे.

मी हात बघत होते तर तेच म्हणाले, "बगा कुठं जागा हाय का. न्हाईतर मनगटावर घ्या. मला लागत न्हाई."

मनगटाच्या मागे शीर सापडली. एका टोचण्यात काम झालं. बाईंनी रोखून धरलेला श्वास सोडलेला मला ऐकू आला.

आप्पा शिराळ्याकडचे. भात, भुईमूग, थोडा ऊस. बाईंची नोकरी तालुक्याच्या शाळेत आणि घर गावात, असा त्यांचा संसार होता. पुढे गावच्या रस्त्याला कुठून तरी मुरूम आला आणि त्या मुरमातून चटकचांदणी आली. रस्त्याकडेने बांधावर, बांधावरून रानात. आप्पा ते हातांनी उपटायचे, उघड्या अंगाने.

"आदी खाज सुटली," त्यांनी सांगितलं. "म्हटलं घामोळं आसंल. मग तोंड सुजलं. म्हटलं आग्यामाशी चावली आसंल. सालोसाल लय वाढत गेलं. देवरशाचा अंगारा झाला, पालापाचोळा लावून झाला. शेवटाला मिरजेच्या डाक्टरनं पाठीला कसल्या कसल्या पट्ट्या चिकटवल्या. एका पट्टीखाली पाठ पेटली. ती ह्या गवताची."

डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, खरं औषध म्हणजे त्या झाडापासून लांब राहणं. शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही त्याचीच भाऊबंद, तीही टाळा. वाऱ्याने नुसता कण आला तरी उठेल. मग बाईंनी सांगलीला बदली मागून घेतली, आप्पांनी रान धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि जन्मभर उघड्यावर राहिलेला माणूस जाळीच्या आड येऊन बसला.

"वैरी बांधावर उभा हाय," आप्पा म्हणाले, "आन मालक सांगलीत." आणि स्वतःच हसले. हसताना ओठाची भेग फाटून रक्त आलं. बाईंनी कापूस पुढे केला.

तेव्हा मला चपलांचा अर्थ कळला. बाई चक्रम आहेत असं गल्लीत सगळे म्हणत, आणि त्या होत्याच. पण आप्पांना पाहिल्यानंतर मला त्यांचं हसू यायचं ते निराळं यायचं.

त्यांच्या सांगलीतल्या जुन्या शाळेत त्यांचा सत्कार होता. त्या मला बरोबर घेऊन गेल्या. व्यासपीठावर पाहुण्यांनी त्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला. मध्ये लाल गुलाब आणि भोवती धुक्यासारखी बारीक पांढरी फुलं. टाळ्या पडत होत्या. बाईंनी गुच्छ डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी हातात विंचू ठेवला. त्या माइककडे वळल्या.

"सगळ्यांचे आभार. ही जी पांढरी फुलं आहेत ती गाजर गवताची आहेत. फुलवाल्याचा दोष नाही, त्याला छान दिसली. पुढच्या रांगेतल्या मुलींनी रुमाल नाकाला लावा. शिपाईमामा, मोठी पिशवी आणा."

बाईंनी व्यासपीठावरच गुच्छ पिशवीत घातला, तोंड गाठ मारून बांधलं आणि मग शांतपणे दहा मिनिटं भाषण केलं, सगळं गाजर गवतावर. मुली मन लावून ऐकत होत्या. सत्काराचं भाषण एवढं रंगलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

पण कार्यक्रम संपल्यावर त्या घरी निघेनात. अंगावरच्या साडीला पराग लागले असतील, ही साडी घरात न्यायची कशी? शेवटी शाळेच्या न्हाणीघरात केसांवरून अंघोळ केली, साडी पिशवीत कोंबली आणि खेळाच्या खोलीतून कबड्डी संघाचा टी-शर्ट आणि ट्रॅकपँट घालून बाहेर आल्या. पाठीवर ठळक अक्षरांत 'कर्णधार'. ओल्या केसांनी रिक्षात बसल्या, मांडीवर शाल आणि श्रीफळ.

घरी आप्पांनी जाळीआडून पाहिलं. "बाई, कुनाबरं सामना हुता?"

"नेहमीचाच," बाई म्हणाल्या.

"जिकला?"

"आजचा जिंकला."

नवराही त्यांना बाईच म्हणत असे. गावात ते चेष्टेने सुरू झालं आणि पुढे तसंच राहिलं.

सांगलीतला प्लॉट म्हणजे बाईंचा सराव होता. खरी लढाई शिराळ्याकडच्या त्या गावात. पाऊस स्थिरावला की त्या अधूनमधून गावी जात. एकदा मीही गेले. बाईंच्या मांडीवर प्लॅस्टिकची मोठी बरणी, तोंडाला मलमलचं फडकं. आत गाजर गवताचा पाला आणि त्यावर पांढरट अंगावर काळे पट्टे असलेले शेकड्याने भुंगे. हे भुंगे फक्त याच रोपाचा पाला खातात, असं त्यांना कृषी महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी सांगितलं होतं, आणि शहराबाहेरच्या एका माळावर बाईंनी ते स्वतः वेचले होते.

कंडक्टर तिकिटं काढत आला आणि बरणीकडे बघून थबकला.

"बाई, ह्ये काय घिऊन चाललाय?"

"पाहुणे आहेत."

"आन तिकीट?"

"लागायचं नाही. पाच वर्षांच्या आतले आहेत."

बस हसली. तेवढ्यात एका खड्ड्यात गाडी आदळली, फडक्याची दोरी सुटली आणि पाहुणे निघाले. कुणाच्या टोपीवर, कुणाच्या बाजाराच्या पिशवीवर, खिडकीच्या काचेवर. एक बाई किंचाळली. आमच्या मागे बसलेली म्हातारी मात्र पदरावरचा भुंगा चिमटीत धरून निरखत होती.

"चावत्यात का वो?"

"नाही आजी. गाजर गवत सोडून कशाला तोंड लावत नाहीत."

"आगं बया! मग आमच्या बी गावाला सोडा की." तिने तो भुंगा बरणीत टाकायच्या ऐवजी रुमालात बांधला. मग दुसऱ्यांनीही हात चालवले. बसभर लोक वाकून, सीटखाली शिरून भुंगे धरत होते आणि बाई बरणी घेऊन मधल्या वाटेने फिरत होत्या. उतरताना म्हातारीला त्यांनी कागदाच्या पुडीत आणखी काही भुंगे पाल्यासकट बांधून दिले. बरणी थोडी हलकी झाली, पण बाई खुशीत होत्या.

गावात आप्पांचे धाकटे भाऊ रान बघत. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. त्यांना आधी वहिनीची ही मोहीम म्हणजे पोरखेळ वाटे. "वयनी, गवत हाय त्ये. येनार, जानार. सगळ्या मुलखात हाय, तुमी एकल्या काय करनार?"

"सगळ्या मुलखाचं मी बोलते कुठं?" बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाला स्वतःच्या रानात बसता आलं पाहिजे, एवढंच बोलते."

त्यानंतर सुभेदार स्वतःच कामाला लागले.

बाईंनी दिवस हेरला तो नागपंचमीच्या आदल्या दिवसाचा. पंचमीला आमच्याकडे रानात कुणी नांगरत नाही, खणत नाही, काही कापत नाही. पण आदल्या दिवशी घरोघरी माहेरवाशिणी आलेल्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या बाईंच्या हाताखाली पी.टी. शिकलेल्या. देवळासमोर शिट्टी वाजली. कडेवर पोरं घेतलेल्या बायका सवयीनेच रांगेत उभ्या राहिल्या आणि मग स्वतःच्याच रांगेकडे बघून खो-खो हसायला लागल्या. पोरं सासवांच्या ताब्यात गेली. हातांत मोजे, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशव्या; तोंडाला ओढण्या. रस्त्याची एक कड एका गटाला, दुसरी दुसऱ्याला. पावसाने माती मऊ होती, रोप अलगद येत होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही कडा, देवळामागचं पटांगण आणि आप्पांच्या रानाचा बांध मोकळा. बायका दमल्या होत्या, पण फेर धरायची ताकद त्यांच्यात उरली होती. मीही त्यात होते.

पुढच्या पावसाळ्यात त्याच रस्त्याच्या दोन्ही कडांना चटकचांदणी गुडघाभर उभी होती. पहिल्यापेक्षा दाट.

मी बाईंना खचलेलं एकदाच पाहिलं, ते तेव्हा. त्या मैलाच्या दगडावर बसून राहिल्या. जमिनीतलं जुनं बी, त्यात ऊसवाहतुकीच्या गाड्यांच्या चाकांतून आलेलं नवं. भुंग्यांनी बरंच खाल्लं होतं, पण सगळं नाही. सुभेदार म्हणाले, "झालं ते लय झालं, वयनी." सांगलीला घरी आल्यावर बाई पायरीवरच बसल्या आणि जाळीपलीकडच्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्याच्यानं होत नाही हो."

आप्पा म्हणाले, "बाई, यष्टीत शीट रिकामी दिसली की कोन बी येऊन बसतंय का न्हाई? तुमी त्याला उठवलं, पन जागा रिकामी ठिवली. रुमाल टाकायला पायजे हुता."

"कसला रुमाल?"

"टाकळा. आमची आई भाजी करायची त्यो. एकदा दाटला की खाली दुसऱ्याला ऊन लागू देत न्हाई."

बाईंनी तज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, टाकळा त्याला दाबतो. त्या दिवाळीनंतर बाईंनी वाळलेल्या टाकळ्याच्या शेंगा गोळा करायचा सपाटा लावला. आमच्या गच्चीवर पहिल्यांदाच काहीतरी वाळत पडलं. उन्हाळ्याच्या शेवटी सुभेदारांनी रस्त्याच्या कडेने, बांधावर, पटांगणाच्या काठाने बी फोकून पेरलं. आणि गावाच्या वेशीवर एक पाण्याची टाकी आणि पाइप बसला. ट्रॅक्टर असो, डंपर असो, थांबायचं आणि चाकं धुवून आत यायचं. बाईंचं म्हणणं, माणूस घरात येताना पाय धुतो, मग गाडीनं का धुवू नयेत? डोक्यावर जुनी फौजी टोपी घालून सुभेदार स्वतः पाइप धरत. "वयनी," ते म्हणाले, "सरहद्दीवर बी एवढी झडती नसती." ड्रायव्हर आधी शिव्या देत. नंतर नंतर ते लांबूनच हॉर्न वाजवू लागले, पाइप तयार ठेवा म्हणून.

एका सालात काही झालं नाही. दुसऱ्या साली टाकळा कुठे कुठे दाटला. माझं लग्न ठरलं, मी साताऱ्याला परत आले. जाताना बाईंनी मला ओटीत नारळाबरोबर रबरी हातमोज्यांची जोडी घातली. सासूबाईंना त्याचा अर्थ समजावताना माझी पुरेवाट झाली.

मधली वर्षं फोनवर गेली. बाई आप्पांच्या तब्येतीचं सांगत, पण आधी रस्त्याचं सांगत. यंदा एवढीच रोपं निघाली, यंदा शेजारच्या गावच्या बायका शिकायला आल्या. त्या गावचा माळ अजून पांढरा आहे, मोठ्या रस्त्याची कड तर विचारूच नकोस. हरलो असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि जिंकलो असंही नाही.

गेल्या श्रावणात फोन आला. "पंचमीला ये. आदल्या दिवशीच ये. आम्ही गावात आहोत."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही."

मी गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना टाकळा हिरवागार, त्याला पिवळी फुलं. बांधावर बाई बसल्या होत्या, आता थोड्या वाकलेल्या, शेजारी भाकरीची पाटी. आणि समोर भाताच्या रानात, पोटरीभर चिखलात, विजार वर खोचून, उघड्या डोक्याने, उघड्या तोंडाने आप्पा तण भांगलत होते. चेहऱ्यावर डाग होते. मानेची कातडी पहिल्यासारखी झाली नव्हती, होणारही नाही. औषध अगदी थोड्यावर आलं होतं, बाई म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती पावसाने हवा धुतलेल्या दिवसापुरती.

मला बघून आप्पांनी चिखलाचा हात वर केला. "कवा आलीस? बस, बस. उद्या पंचमी हाय, रानात हात घालायचा न्हाई. म्हटलं आजच घालून घेतो."

"अहो, जेवून घ्या आधी," मी म्हटलं.

"व्हय, आलोच. येवढी वळ संपू दे." ती ओळ संपली तशी त्यांनी दुसरी धरली.

बाईंनी फडक्याची गाठ सोडली. माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. मी म्हटलं, "बाई, आप्पांसाठी थांबूया की."

"तू खा," बाई म्हणाल्या. त्यांची नजर रानातून हलत नव्हती. "त्यांना होऊ दे उशीर."